बिनचिठ्ठीची सुरी

“एवढं लोखंड घरात ठेवल्यावर जीव कसा सुटणार माणसाचा? तरी मी सांगत होते…” तेराव्याच्या जेवणानंतर मोरीत ताटं विसळणारी शेजारीण दुसरीला म्हणाली. दुसरी म्हणाली, “आता द्या म्हणावं भंगारवाल्याला. किलोवर जाईल सगळं.” मी पेल्यांचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते. त्यांना मी दिसले नाही. मी बहुतेक कोणाला दिसत नाही आणि एरवी मला ते बरंच वाटतं. त्या दिवशी मात्र पुढे होऊन एक वाक्य बोलायला हवं होतं. पलंगाखालच्या त्या पत्र्याच्या पेटीत बेचाळीस सुऱ्या आहेत, त्यातल्या एकेचाळीस सुऱ्यांची नावंगावं मला तोंडपाठ आहेत, एवढंच. मी पेले ओट्यावर ठेवले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

गेला तो माझा मामा, आईचा सगळ्यांत मोठा भाऊ. मुलुंडला दोन खोल्यांत तो आणि मामी राहायचे. मूलबाळ नव्हतं. भांडुपच्या एका कारखान्यात तो फिटर होता. आम्ही घाटकोपरला, त्यामुळे माझा प्रत्येक रविवार मुलुंडला जायचा. तो गेला त्या दुपारी मी कॉलेजात होते. घरी आले तर दाराला कुलूप, आणि ज्यांच्याकडे आमचे फोन यायचे त्या खालच्या काकू जिन्यातच उभ्या. “मुलुंडहून फोन होता गं,” एवढंच म्हणाल्या. पुस्तकं मांडीवर घेऊन पायरीवर बसले. पहिला विचार मनात आला तो सांगायला लाज वाटते, पण तो आला. एका सुरीची चिठ्ठी लिहायची राहिली… आणि आता ज्याला ती वाचून दाखवायची तो माणूसच नाही.

मामाचा एक नियम होता. मिटतो तो चाकू, मिटत नाही ती सुरी. मिटणारं हत्यार त्याने कधी घरात आणलं नाही. कारखान्यात बनलेलंही नाही. कुठल्यातरी एका माणसाने ऐरणीवर ठोकलेली, पातं मुठीत कायमचं बसलेलं, आणि कोणीतरी वर्षानुवर्षं वापरलेली सुरी असली तरच तो हात लावायचा. नारळ सोलणाऱ्याची, पानं कापणाऱ्याची, पुस्तकं बांधणाऱ्याची, चामडं कातरणाऱ्याची. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात पळायचे, तेव्हा तो मोठ्याने म्हणायचा, “तू चाकू आसस गो. जरा कोण इला की मिटलस.” सगळे हसायचे. मीही हसायचे. खरं तर तो मला बरोबर ओळखून होता.

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. मराठी घरात बोलायचे, पण लिहायची वेळ आली की हात थांबायचा. मामा म्हणूनच मला ‘मॅडम’ म्हणायचा. मी आठवीत असताना त्याने शर्टाच्या खोक्यातल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला भोक पाडून दोरा ओवला आणि माझ्यापुढे ठेवल्या. “मॅडम, लिही.” प्रत्येक चिठ्ठीवर चार ओळी. कुठून आली. कोणाचा हात. काय कापलं. पाणी कोणाचं. तो सांगायचा मालवणीत, मी लिहायचे मराठीत, आणि मग तो चष्मा चढवून माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासायचा. तो स्वतः सातवी शिकलेला. मराठी लिहायला मी त्या पुठ्ठ्यांवर शिकले. हा लेख मला लिहिता येतोय तोही त्यामुळेच, आणि म्हणूनच तो लिहिताना इतका त्रास होतोय.

त्या चार ओळींमधली शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. लोखंड कोणीही ठोकील, मामा म्हणायचा, पाणी पाजणं हा खरा हात. पातं भट्टीत शेंदरी झालं की लोहार ते पाण्यात बुडवतो. एक श्वास आधी बुडवलं तर धार वळते, एक श्वास उशीर झाला तर पातं काचेसारखं तुटतं. तो श्वास ज्याला कळतो त्याचं ‘पाणी’ त्या पात्यात कायमचं राहतं. मामा सुरी कानाजवळ धरून नखाने टिचकी मारायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. त्याच्या गावात गणू लोहार होता. लहानपणी मामाने त्याचा भाता ओढला होता. गणूने लोखंड घासायच्या एका जुन्या कानशीची सुरी करून मामाला दिली. पात्याच्या पाठीजवळ कानशीचे दात अजून पुसट दिसायचे. तिची टिचकी देवाच्या घंटेसारखी खूप वेळ वाजत राहायची. त्यानंतर वर्षभरात गणूची दृष्टी गेली. रंगच दिसेना, मग पाणी कसं पाजणार? ती त्याची शेवटची सुरी.

ती सुरी मी मारली.

मी दहा वर्षांची होते. एका रविवारी मामा ती सुरी कोणालातरी दाखवत म्हणाला, “हिका पाणी बरां पाजलेलां आसा, म्हणान ही अजून जिती आसा.” हिला पाणी चांगलं पाजलंय, म्हणून ही अजून जिवंत आहे. एवढं मालवणी मला कळत होतं. त्याच्या आत दडलेलं कळलं नाही. आमच्या शाळेच्या वर्गात खिडकीत बाटलीतली वेल होती, आणि तिला पाणी घालायची पाळी माझी असायची. सुट्टीत पाणी राहिलं की ती मरायची. मला वाटलं, हेही तसंच. दुपारी सगळे झोपले होते तेव्हा मी पितळी तांब्या भरला, सुरी टोकाकडून त्यात उभी ठेवली आणि तांब्या पेटीमागे सरकवला. मामाला नंतर आश्चर्य वाटावं म्हणून कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी बाबा न्यायला आले, आणि मी विसरून गेले. आठ दिवस.

पुढच्या रविवारी आम्ही जिना चढलो तेव्हा तांब्या खोलीच्या मधोमध होता आणि सुरी वर्तमानपत्रावर. धारेच्या बाजूने पातं खाऊन गेलं होतं, जणू उंदरांनी कुरतडलं असावं. त्या काळात सुऱ्यांना तेल लावायचं काम मामीचं होतं. दर रविवारी सकाळी ती मलमलीच्या फडक्याने एकेक सुरी खोबरेलाने पुसायची, आणि पुसता पुसता कोणती कुठची ते मामाला विचारायची. तो चुकला की हसायची. त्यामुळे मामाने तिलाच विचारलं, “घासूक भिजत घातलंस?” मामी म्हणाली, “मी कशाला घालू? तेल लावणारी मी.” तेव्हा मामाने ते वाक्य म्हटलं, “मगे काय सुरयेक आपसूक तान लागली?”

आई हसली. बाबा हसले. मामी हसली नाही. मग मामा माझ्याकडे वळला, “मॅडम, तू बघितलंस गो कोणाक?” मी मान हलवली. नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही. मी कशालाही हात न लावणारी मुलगी म्हणून प्रसिद्ध होते.

ते वाक्य आमच्या नात्यागोत्यात म्हण होऊन बसलं. दूध नासलं, घड्याळ बंद पडलं, कोणी विसराळूपणा केला, की कोणीतरी म्हणायचंच, “सुरीला तहान लागली असेल!” लग्नकार्यात मामी पंगतीत वाढत असली तरी म्हणायचे. ती वाटी पुढे करून निघून जायची. त्या रविवारनंतर तिने पेटीला हात लावला नाही. खंडेनवमीला शिलाई मशिनला, पाट्याला, विळीला हळदकुंकू वाहायची. पेटीची पूजा मामा एकटा करायचा. दोघांत भांडण झालेलं मी ऐकलं नाही. पेटी उघडली की ती गॅलरीत जाऊन बसायची, इतकंच. आणि ज्या सुऱ्यांच्या गोष्टी तिच्या लक्षात असायच्या त्या आता कोण लक्षात ठेवणार, म्हणून मामाने पुठ्ठे कापले… म्हणजे मला मिळालेले ते रविवार मुळात तिचे होते. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी ते घेतले.

आणि ते रविवार सुंदर होते, हे तरी मी कसं नाकारू? एकदा तो मला माहुलला घेऊन गेला. तेलाच्या कारखान्यांच्या वासातून पार खाडीच्या टोकाला. तिथे एक म्हातारी कोळीण दाराशी बसून बोंबील साफ करत होती. तिच्या हातातली सुरी झिजून पिंपळाच्या वाळक्या पानासारखी पातळ झाली होती. मामाने ती मागितली. “ही देऊ तुला? नि मी काय दातानं कापू?” म्हातारी म्हणाली. मामा समोरच्या दगडावर बसून राहिला. तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, मुलांची केली, बोंबलांची तर फारच केली. तासाभराने ती आत गेली, नवी सुरी घेऊन आली आणि जुनी आमच्यापुढे जमिनीवर ठेवली. मी हात पुढे केला होता. “हातात नाय द्यायची पोरी. भांडण लागतं. ठेवली की उचलायची.” मामाने ती उचलली, कपाळाला लावली. परतताना मी विचारलं, एवढी झिजलेली कशाला? तो म्हणाला, “झिजली ताच मोल. नवी खंय पण गावात.” नवी काय, कुठेही मिळेल. चिठ्ठीवर ‘काय कापलं’पुढे त्याने लिहायला लावलं : तीस वर्षांचे बोंबील.

गोरेगावला एका माणसाने त्याला सिनेमाच्या सामानातली कट्यार दाखवली होती. चांदीची वेलबुट्टी, मखमली म्यान, कुठल्याशा सरदार घराण्याची म्हणे. मामाने पातं कानाशी धरून टिचकी मारली आणि मग माझ्या कानाशी धरलं. थप्प, असा आवाज आला. “ह्येका पाणीच नाय,” तो म्हणाला. “काका, चांदी बघा ना यार,” तो माणूस काकुळतीला आला. “चांदी सोनाराक दाखव. माका पातां बघूचा आसा.” आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, “उपाशी मेलेला हत्यार ता. कधी कांदो पण कापूक नाय.” मला खूप हसू आलं होतं. आजही ते हसू आठवतं.

गणूची सुरी पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली असायची. तिला त्याने पुन्हा कधी टिचकी मारली नाही. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या झाल्या तेव्हा मी घाबरत विचारलं, “हिची?” तो फडक्याकडे बघत म्हणाला, “शेवटाक. आधी कोणी केल्यान ता कळाक व्हया. रागावचंय नाय मी. फक्त कळाक व्हया.” फक्त कळायला हवं. मी पुठ्ठ्याची ती एक कोरी पट्टी वहीत ठेवून दिली. ती अजून माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं. दिवसाला चार फुलपात्रं, औषधाचं धरून. संध्याकाळचं फुलपात्र द्यायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेज सुटलं की मी मुलुंडला जायचे. ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याच्या गोष्टी सांगितल्या त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, आणि मी घड्याळ बघत समोर बसायचे. “मॅडम, पाणी दी गो.” “मामा, अजून अर्धा तास.” “गणू असतो तर तुका कामावर ठेवल्यान असतो. वेळेची पक्की.” तो चेष्टा करायचा, आणि जीभ टाळ्याला चिकटल्यामुळे त्याचे शब्द नीट फुटायचे नाहीत. मी ओला बोळा त्याच्या ओठांवरून फिरवायचे. त्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. एकच गोष्ट करता आली असती.

शेवटच्या आठवड्यात एकदा मामी दुकानात गेली होती. तो पेटीकडे बघत म्हणाला, “आता लिहून टाकूया ती चिठ्ठी. रवली तर तशीच रवात.” राहिली तर तशीच राहील. मी म्हटलं, “मामा…” त्याने मान वळवली. मी काहीतरी सांगणार हे त्याला कळलं असावं, कारण तो वाट बघत होता. माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं, पण ते इंग्रजीत. शाळेत कबुली द्यायची वेळ आली की देतात तसं नीटनेटकं. त्या माणसापुढे ते वाक्य कसं टाकायचं? मी त्याचं मराठी करायला लागले. ‘मी ठेवली’ की ‘माझ्याकडून राहिली’? ‘चूक’ म्हणू की ‘वाट लावली’ म्हणू? मी शब्द निवडत होते, आणि त्याचा डोळा लागला. एक श्वास उशीर. त्यानंतर तो पुरता शुद्धीवर असताना आम्ही दोघं एकटे असे भेटलोच नाही.

परवाच्या रविवारी मामीने मला बोलावून घेतलं. एकटीला. मला वाटलं भंगाराचंच काहीतरी ठरलंय. गेले तर पेटी खोलीच्या मध्ये ओढलेली, बाजूला खोबरेलाची बाटली आणि मलमलीचं नवं फडकं. “वाच गो बाय एकेक,” मामी म्हणाली. ती रत्नागिरीकडची, तिचं बोलणं मामासारखं ठसक्याचं नाही. मी चिठ्ठी वाचायची, ती सुरी पुसायची. नऊ वर्षांनी तिच्या हातात सुऱ्या होत्या आणि ती एकही विसरलेली नव्हती. दोन ठिकाणी तिने मला थांबवलं. “हे चुकीचं सांगितलंय त्यांनी. ही देवगडची नव्हे, त्याच्या अलीकडच्या वाडीतली.” मी पेन काढून दुरुस्त केलं. कोळणीची सुरी आली तेव्हा तिने विचारलं, “ही कुठची? ही मला ठाऊक नाही.” नंतरच्या काळातली होती ती. मी सांगितलं, बोंबलांचंही सांगितलं. ती ऐकत राहिली. “मजा केलीत तुम्ही,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच मला वर बघवेना.

सगळ्यांत शेवटी तिने तळातलं फडकं उघडलं. गणूची सुरी तिने माझ्या हातात दिली नाही. रीतीप्रमाणे आमच्या दोघींच्या मध्ये लादीवर ठेवली. खाल्लेली धार, आणि पाठीशी कानशीचे पुसट दात. “हिला चिठ्ठी नाही?”

“नाही.”

“माहीत आहे मला,” मामी फडक्याची घडी घालत म्हणाली. “हॉस्पिटलात न्यायच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारलं त्यांनी. म्हणाले, आता तरी सांग, मी रागावणार नाही. एवढी वर्षं मी नाही नाहीच म्हणत आले. त्या दिवशी बघवेना… कोरड्या तोंडाने तेच तेच. म्हटलं, हो. मीच भिजत घातली. कळलं नाही मला.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय… बराच वेळ माझा हात धरून ठेवला. म्हणाले, बरां झाला सांगितलंस. मी कधीच सोडून दिलेला. त्या दिवशीचं उरलेलं पाणी माझ्याच हातून प्यायले.” तिने फडकं मांडीवर ठेवलं. “खोटंच होतं गं. पण कोणाला द्यायचं होतं आता खरं? तू लिही चिठ्ठीवर माझं नाव. ते तसंच समजून गेलेत, मग तसंच असू दे.”

म्हणजे त्याने क्षमा केली होती, आणि ती भलत्याच माणसाला मिळाली होती. जिने काहीच केलं नव्हतं ती नऊ वर्षं गॅलरीत बसली आणि शेवटी माझा अपराध स्वतःच्या तोंडाने बोलली. आता मी काहीही सांगितलं तरी त्याच्यापर्यंत ते जाणार नाही. तिचे रविवार परत येणार नाहीत. सांगून काही दुरुस्त होईल अशी एकही गोष्ट त्या खोलीत उरली नव्हती. बाजूच्या बिऱ्हाडातला टीव्ही मोठ्याने लागला होता आणि मामी पेनकडे बघत माझी वाट पाहत होती. वहीतली कोरी पट्टी मी काढली, तिचा दोरा सरळ केला. मग ती बाजूला ठेवली. मी सुरी लादीवरून उचलली. या वेळी वाक्य इंग्रजीत आलं नाही. ते दहा वर्षांच्या मुलीच्या आवाजात आलं, आणि मी ते न सुधारता तसंच बोलले.

“मामी, तांब्यात मी ठेवली होती ती. मला वाटलं, तिला पाणी द्यायचं असतं.”